सिगारेट सोडण्यासाठी तंबाखू-चुना किंवा मावा धरला तर धोका कमी होतो का?

नाही, कृपया हा मार्ग धरू नका.

हा समज आला स्वीडनहून. तिथले पुरुष वरच्या ओठाखाली स्नूस नावाच्या तंबाखूची पुडी ठेवतात, सिगारेट कमी ओढतात, आणि त्यांच्यात फुफ्फुसाचा कर्करोगही युरोपात बराच कमी आहे. पण स्नूसची तंबाखू वाफेवर तापवतात, त्यामुळे तिच्यात कर्करोगकारक नायट्रोसामाइन्स कमी राहतात. तरीही १९९२ पासून युरोपीय संघात स्नूसच्या विक्रीवर बंदी आहे. सूट फक्त स्वीडनला.

आपल्याकडची तंबाखू ही नव्हे. तळहातावर चुना लावून मळलेली चिमूट गालात धरली की चुन्यामुळे निकोटिन झपाट्याने रक्तात उतरतं, आणि तीच जागा रोज भाजत राहते. माव्यात वर सुपारी! तिने गाल आतून आखडतात, तोंडात दोन बोटंही जात नाहीत, तिखट लागलं की आग होते. मिश्रीही तंबाखूच. शिवाय बरेच जण सिगारेट न सोडता दोन्ही चालू ठेवतात.

निकोटिनचा आधार हवाच असेल तर २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम घ्या. सावकाश चावा, झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवा. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर समुपदेशकही मिळतात.