मेनफ्रेम म्हणजे काय? बँका हा जुना डब्बा अजून का वापरतात, आणि फ्रेशरने तो शिकावा का?

तुमच्या प्रश्नातला 'जुना डब्बा' वाचला अन् लिहायला बसलो. लग्नाच्या पंगतीत, बाबांसमोर, चुलतभाऊ मला हेच म्हणाला होता, "काहून बे, अजून त्याच जुन्या डब्ब्यावर?" बाबा मान खाली घालून जेवत राहिले.

मेनफ्रेम म्हणजे खोली भरून मशीन, हे जुनं झालं. आज ते फ्रिजसारख्या कपाटाएवढं असतं. लाखो व्यवहार न चुकता करायचे आणि एखादा प्रोसेसर गेला तरी थांबायचं नाही, एवढ्यासाठीच ते बनवलंय. आयबीएमने १९६४ साली सिस्टिम/३६० आणलं. त्या काळचे प्रोग्रॅम आजच्या मशीनवरही चालतात. बँका, विमा, विमान कंपन्यांचे कित्येक वर्षांचे नियम कोबॉल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेले आहेत. ते कोण उगाच मोडेल?

लॉकडाउनमध्ये मी दर्यापूरजवळ आमच्या गावी होतो. पहाटे तीनला फोन आला, विमा हप्त्यांचा जॉब अबेंड झाला, म्हणजे मशीनला दिलेलं ते काम मध्येच बंद पडलं, एरर कोड एस-झिरो-सी-सेव्हन. लाईट गेलेली, टिनाच्या घरात नेट नाही. कडुनिंबाखाली बाज टाकली, मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं. बाबा टॉर्च धरून शेजारी बसले. डम्पमध्ये, म्हणजे बंद पडताना मशीनने काढलेल्या मेमरीच्या नोंदीत, हप्त्याच्या जागी ४०४०४० दिसलं. मेनफ्रेमवर ४० म्हणजे स्पेस. आकडा हवा तिथे रिकामी जागा.

बाबांनी विचारलं, "काय झालं?"

"एका माणसाचा आकडाच नाही. म्हणून मशीन अडून बसलं, अंदाजानं भरून पुढे गेलं नाही."

"मग बराबरच केलं त्यानं."

कापसाच्या काट्याच्या चिठ्ठ्या बाबा अजून पेटीत जपून ठेवतात, त्यांना समजवायला दुसरं काही लागलं नाही. तो रेकॉर्ड बाजूला काढून जॉब त्याच स्टेपपासून पुन्हा लावला. पाचच्या आत संपला.

शिकायचं तर जेसीएल (कोणता जॉब कसा चालवायचा ते मशीनला सांगायची भाषा) आणि कोबॉल नीट शिका. एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबॉलवाले हवेत म्हणून जाहीर आवाहन केलं होतं. घरी सरावाला हर्क्युलिस नावाचा एम्युलेटर, म्हणजे साध्या कॉम्प्युटरवर मेनफ्रेमची नक्कल करणारा प्रोग्रॅम, फुकट मिळतो. हे मात्र खरं की फ्रेशरला थेट जागा कमी निघतात, रात्रपाळी असते, आणि छोट्या वेबसाइटसाठी मेनफ्रेम कोणी घेत नाही.

दादा, तू हे वाचत असशील तर सांगतो, घराला स्लॅब त्याच डब्ब्याच्या पगारातून पडला. पंगतीत बोललास ते बाबांना एकदा विचार, त्यांना कसं वाटलं होतं.