बसण्याआधी ठरव

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. त्याची पहिली दोन पाने पहाटे पाचला उठणे, थंड पाण्याची अंघोळ, वीस मिनिटे ध्यान, साखर बंद आणि आठवड्याला एक पुस्तक अशा संकल्पांनी भरली आहेत. ज्यासाठी पत्र लिहिलेस तो प्रश्न मात्र शेवटच्या चार ओळींत, जाता जाता विचारल्यासारखा आला आहे: ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांवरचा ऑनलाइन पोकर देशात बंद झाला, तर आता परदेशी संकेतस्थळावर आडवाटेने खेळावे, गोव्याला जाऊन राहावे, की सगळे सोडून पुन्हा नोकरी शोधावी? हे पत्र तू रात्री पावणेतीनला पाठवले आहेस, त्यामुळे पहाटे पाचचा संकल्प मी फारसा मनावर घेतला नाही.

तू बुद्धिमान आहेस, कष्टाळू आहेस, हे सांगण्यात मी वेळ दवडणार नाही. ते तुला ठाऊक आहे, आणि पोकरच्या टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला स्वतःबद्दल तसेच वाटत असते. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी या पत्रात कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: जे ठरवायचे ते बसण्याआधी ठरव. किती पैसे घेऊन बसायचे, कोणत्या ब्लाइंड्सवर (पत्ते वाटण्याआधी सक्तीने लावायच्या रकमा, त्यांवरून खेळ किती मोठा ते ठरते) बसायचे, किती वाजता उठायचे, जिंकलेल्यातले किती आणि केव्हा बँकेत परत आणायचे, हे सगळे. टेबलावर बसल्यानंतर केलेल्या नियमाला मी नियम मानत नाही. त्या घटकेला मनाला जे हवे असते, तेच आपण नियमाच्या भाषेत बोलत असतो.

ऑनलाइन खेळात हे अधिकच खरे आहे. गणपतीतल्या जागरणात पत्ते खेळताना कोणी तरी आरतीला उठवते, कोणाची तरी आई चहा घेऊन येते, खिशातले सुटे पैसे संपतात आणि डाव आपोआप मोडतो. तुझ्या खोलीत यातले काहीच नव्हते. सहा जणांच्या एका ऑनलाइन टेबलावर तासाला सत्तर-ऐंशी हात, म्हणजे डाव, होतात आणि तू चार टेबले लावायचास, म्हणजे तासाला सुमारे तीनशे. दर बारा सेकंदांनी एक हात, आणि बाय-इन, म्हणजे टेबलावर घेऊन बसलेले पैसे, संपला की यूपीआयने अर्ध्या मिनिटात दुसरा हजर. उठ म्हणणारे कोणी नाही, दिवा मालवणारे कोणी नाही. अशा ठिकाणी उठण्याची वेळ आधी ठरलेली नसेल, तर ती थकवा ठरवतो किंवा रिकामे खाते ठरवते. युधिष्ठिराला एकदा सर्व काही परत मिळाले होते, हे लोक विसरतात. दुसऱ्यांदा बोलावणे आले तेव्हा नाही म्हणायचे असे त्याने आधी ठरवलेले नव्हते, म्हणून तो पुन्हा जाऊन बसला.

तू म्हणशील, ‘‘पण मी तर जिंकत होतो.’’ तुझे आकडे मी पाहिले. चाळीस हजार हात, दर शंभर हातांमागे सहा बिग ब्लाइंड्सचा (दोन ब्लाइंड्सपैकी मोठीचा) नफा, म्हणजे एकूण चोवीसशे. सहा जणांच्या नो-लिमिट (लावायच्या पैशांना मर्यादा नसलेल्या) खेळात प्रमाण विचलन, म्हणजे निव्वळ नशिबाने होणारा चढउतार, दर शंभर हातांना ढोबळमानाने नव्वद बिग ब्लाइंड्स असते, हे तुला माझ्याइतकेच माहीत आहे, पण त्याचा पुढचा गुणाकार तू केलेला नाहीस, किंवा केला असलास तर मला कळवलेला नाहीस. चाळीस हजार हातांवर ते विचलन अठराशे ब्लाइंड्सच्या घरात जाते. याचा अर्थ असा की, जो खेळाडू मुळात ना जिंकणारा आहे ना हरणारा, त्यालाही निव्वळ पत्त्यांच्या कृपेने तुझ्याइतका किंवा अधिक नफा होण्याची शक्यता नऊ टक्क्यांच्या आसपास आहे. अशा दर अकरा जणांत एक जण तुझ्यासारखेच पत्र लिहीत असेल, आणि तोही मी जिंकणारा खेळाडू आहे असेच लिहील. तू तो अकरावा आहेस असे मी म्हणत नाही. तू तो नाहीस हे अजून सिद्ध झालेले नाही, एवढेच म्हणतो. नोकरी सोडण्याचा निर्णय तू या आकड्यांवर घेतलास. किती हातांनंतर आणि कोणत्या आकड्याला सोडायची हे मात्र आधी कधीच ठरवले नव्हते. एक चांगला महिना आला आणि राजीनामा दिलास. राजीनामा ऑफिसात दिला गेला असला, तरी तो निर्णय टेबलावरच झाला होता.

आता तुझ्या आत्मसुधारणेविषयी. ध्यानाला माझा विरोध नाही, थंड पाण्याला थोडा आहे. पण पोकरमध्ये सुधारणा कशी होते याचे मला ठाऊक असलेले सर्वांत चांगले उदाहरण माणसाचे नाही, यंत्राचे आहे. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाचा ‘लिब्राटस’ हा प्रोग्राम चार व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध वीस दिवस खेळला. एकास एक नो-लिमिट होल्डेम हा पोकरचा प्रकार, एकूण एक लाख वीस हजार हात, आणि शेवटी प्रोग्राम सतरा लाखांहून अधिक डॉलरच्या चिप्सनी पुढे. खेळतानाही तो गणित करत होताच. पण दिवसभरात त्या चौघांनी त्याच्या खेळात जिथे जिथे भोके पाडण्याचा प्रयत्न केला, त्यांतली महत्त्वाची भोके तो रात्री, टेबले बंद असताना, महासंगणकावर बुजवत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खेळाडूंना कालची फट सापडत नसे. ते चौघेही रात्री हॉटेलात एकत्र बसून अभ्यास करत, हेही सांगायला हवे. दोन्ही बाजूंची खरी दुरुस्ती रात्रीच चालली होती.

तुझ्याजवळ सॉल्व्हर, म्हणजे सर्वोत्तम चाल काढून देणारा प्रोग्राम, आहे, तीन कोर्सेस आहेत, हँड हिस्ट्रीच्या, म्हणजे खेळलेल्या हातांच्या नोंदींच्या, फायली आहेत. सॉल्व्हर २०१५ च्या सुमारास सर्वसामान्य खेळाडूंच्या हाती आले आणि तेव्हापासून ज्ञान हे कोणाचे गुपित राहिले नाही. तुझ्या समोरच्या माणसानेही तेच तक्ते पाठ केलेले असतात. तुझ्या फायली मी उघडून पाहिल्या. रात्री दहा ते बाराचा तुझा खेळ आणि एक ते तीनचा तुझा खेळ ही दोन वेगळ्या माणसांची कामे आहेत. पहिला माणूस रिव्हरला, म्हणजे शेवटचे पान उघडल्यावर, तिसरी जोडी, म्हणजे कमकुवत हात, शांतपणे टाकून देतो. दुसरा, मघाशी कोणी ब्लफ करून पत्ते दाखवले म्हणून, त्याच जोडीवर पूर्ण पॉटएवढ्या (डावात जमलेल्या सगळ्या पैशांएवढ्या) बेटला कॉल देतो, म्हणजे तेवढेच पैसे स्वतःही लावतो. पॉटएवढ्या बेटला कॉल करायला तेहतीस टक्के वेळा जिंकावे लागते, हे दोघांनाही पाठ आहे. अभ्यास कमी पडत नाही रे, वेळेची मर्यादा नव्हती. बसण्याआधी बारा वाजता उठण्याचे ठरवले असतेस आणि ते पाळले असतेस, तर ते तीन कोर्सेस विकत घेण्याची गरज पडली नसती.

यावर तुझ्या अभ्यासगटातले विद्वान काय म्हणतात ते मी जाणतो. स्टॉप-लॉसला, म्हणजे ठरावीक तोटा झाला की उठण्याच्या नियमाला, गणिती अर्थ नाही, सगळे आयुष्य हे एकच लांब सत्र आहे, टेबल चांगले असेल तर घड्याळाकडे पाहून उठणे म्हणजे पैसे सोडून देणे. हे बरोबर आहे. पण ते गणित खेळणारा सहाव्या तासाला तोच राहतो असे धरून चालते, आणि तो तसा राहत नाही. शिवाय आपण अजून नीट खेळत आहोत की नाही हे ठरवणारा न्यायाधीशही त्याच थकलेल्या डोक्यात बसलेला असतो. म्हणून मी वेळ आधी ठरवत असे आणि वेळ झाली की उठत असे. समोर दारू पिऊन खेळणारा श्रीमंत माणूस बसलेला असतानाही उठलो आहे. माझ्यामागे त्या टेबलावर काय झाले हे दुसऱ्या दिवशी मित्रांनी रंगवून सांगितले आहे, आणि ते ऐकताना पोटात तुटले आहे.

माझ्याविषयी तुमच्या ग्रुपवर काय बोलले जाते तेही माझ्या कानावर आहे. काका आयुष्यभर एकाच स्टेकवर, म्हणजे पैशांच्या एकाच पातळीवर, घोटाळले, नोकरी सोडायची हिंमत झाली नाही. २०१७ ते २०१९ या काळात आपल्याकडचे ऑनलाइन खेळ किती सोपे होते, हे तुम्हाला ऐकूनच माहीत आहे. मी तिथे होतो. त्या वेळी वरच्या ब्लाइंड्सवर गेलो असतो तर आज घराचे कर्ज फिटलेले असते, असे हिशेब मी केले आहेत आणि रात्री अजूनही कधी कधी करतो. खंत आहे, नाही कशाला म्हणू? पण वर जाण्यासाठी लागणारे पैसे मी आधी ठरवले होते, शंभर बाय-इन, आणि ते त्या काळात कधी पुरे जमले नाहीत. नव्वद जमले तेव्हा सगळे म्हणाले, नव्वद आणि शंभरात काय फरक? फरक एवढाच की शंभर हा आकडा मी निवांतपणी ठरवला होता, आणि नव्वद मला जिंकण्याच्या धुंदीत सुचत होता. माझ्याबरोबर जे वर गेले त्यांतले काही फार पुढे गेले, आणि त्यांच्याकडे पाहून माझा नियम चुकीचा होता असे कोणी म्हणाले तर माझ्याजवळ पुरावा नाही. तरी तो बदलणार नाही. माझे घर, माझी झोप आणि बायकोशी असलेले बोलणे त्या नियमामुळे टिकले, असे मी मानतो. ती या बाबतीत वेगळे काही म्हणेल, ते तिला विचार.

पुन्हा तुझ्या तीन वाटांकडे येतो. परदेशी संकेतस्थळाची वाट मनातून काढून टाक. कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे तू वाचले आहेस आणि त्याचा तुला फार आधार वाटतो. खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि बँकांना अशा व्यवहारांची मनाई आहे, हे वाक्यही त्याच कायद्यात आहे. मग तुझे पैसे परत येणार कोणत्या वाटेने, आणि अडकले तर तक्रार करणार कोणाकडे? १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारने तीन मोठ्या पोकर कंपन्यांवर कारवाई केली, तेव्हा त्यांतल्या ‘फुल टिल्ट’वर पैसे ठेवलेल्या अमेरिकी खेळाडूंना पहिली परतफेड मिळायला २०१४ उजाडले. त्यात निष्णात खेळाडू होते. अमुक रकमेच्या वरचे पैसे दर महिन्याला काढून घ्यायचे, असे ज्यांनी आधी ठरवले होते त्यांचे नुकसान मर्यादित राहिले. ज्यांनी पुढच्या आठवड्यात काढू म्हटले, ते तीन वर्षे वाट पाहत बसले.

गोव्याची वाट कायदेशीर आहे. मांडवीतल्या कॅसिनोंत पोकर चालतो आणि तिथे चांगले खेळाडू घडलेही आहेत. पण तिथे तासाला पंचवीस-तीस हात होतात. ऑनलाइन तू जे चाळीस हजार हात सव्वाशे-दीडशे तासांत खेळलास, तेवढेच हात तिथे खेळायला रोज आठ तास बसूनही साडेपाच ते साडेसहा महिने लागतील, आणि त्यानंतरही मघाचा नऊ टक्क्यांचा प्रश्न तसाच उभा राहील. पणजीतले भाडे, जेवण, रेक (कॅसिनो डावातून कापून घेतो तो वाटा) आणि जिंकलेल्या रकमेवरचा कर हे सगळे दर महिन्याला वजा होईल. पत्ते लागोत वा न लागोत. म्हणून जायचे तर कोणत्या तारखेपर्यंत राहायचे, किती रक्कम उरली की परतायचे, हे जाण्याआधी ठरव. ‘बघू तिथे गेल्यावर’ असे एकदा जरी म्हणालास, तरी मी तुला जाऊ नको असेच सांगेन.

नोकरीविषयी तू ‘हार मानून’ असा शब्द वापरला आहेस. हा शब्द कोणी तरी मलाच म्हणून दाखवल्यासारखा वाटला, म्हणून त्यावर अधिक बोलत नाही. तुझी आकडेमोड, नोंदी ठेवण्याची सवय आणि अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्याचा सराव याला बाहेर किंमत आहे. मात्र मुलाखतीत ती कशी मांडायची हे तुला शिकावे लागेल, आणि ते मी शिकवू शकेन. घरी खरे सांग. वडील ‘जुगारी’ म्हणतील. म्हणू देत, त्यांना जिंकलेल्या महिन्यांबरोबर हरलेले महिनेही दाखव.

पुढचे काम सोपे आहे. एका कागदावर चार गोष्टी लिही: एकूण रक्कम, परतण्याची तारीख, कोणत्या आकड्याला खेळ थांबवायचा, आणि दर महिन्याला किती पैसे बाजूला काढायचे. संगणकावर नको, हाताने लिही आणि खाली तारीख घाल. लिहिताना दिवस असावा आणि जेवण झालेले असावे. त्या कागदाचा फोटो मला पाठव, मग गोव्याचे तिकीट काढ. तिकीट आधी काढून कागद नंतर पाठवलास तर मी तो उघडणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

तुझा,
काका

ता. क. : तुझे शेवटचे बारा हजार हात मी अजून पाहिलेले नाहीत. त्या फायलींना तारखेबरोबर वेळही घालून पाठव.