तेच तेच वाजणाऱ्या संगीतात ऐकायचं काय?

स्टीव्ह राइश, फिलिप ग्लास या अमेरिकन मिनिमलिस्ट (मोजक्या सुरांवर रचना उभी करणाऱ्या) संगीतकारांचं संगीत तेच तेच वाजत राहतं, त्यात ऐकायचं काय, असं तुम्ही विचारलंय. मी ११ वर्षं लेहरा धरलाय. तबल्याचा सोलो संपेपर्यंत पेटीवर तीच १६ मात्रांची ओळ. तिला आजवर कुणी कंटाळवाणी म्हटलेलं नाही. लेहरा जागचा हलत नाही, म्हणून तर कायदा (तबलजी विस्तार करत नेतो ती रचना) कुठं निघाला आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, कसा आला ते कळतं.

आमचं घर सोलापुरात, पूर्व भागात. पुढं टॉवेलचे दोन माग, मागच्या खोलीत आम्ही. एक माग किंचित पुढं पळायचा. रात्री अंथरुणात ऐकत पडायचो. आधी दोन्हींचे ठोके एकावर एक, मग जरा फाटलेले, मग बरोब्बर मधोमध, लय दुप्पट झाल्यासारखी. थोड्या वेळानं पुन्हा एकत्र. वडील पाठमोरे कांड्या (सुताची रिळं) लावत असायचे. आवाज जरा बदलला की न बघता नेमक्या त्याच मागाकडं वळायचे.

कॉलेजात असताना राइशचं 'पियानो फेज' (१९६७) ऐकलं. दोन पियानो, दोन्हींवर तीच १२ स्वरांची ओळ, एक हळूच पुढं सरकतो. अंगावर काटा आला, आमची पुढची खोलीच ती! धावत तबल्याच्या सरांकडं नेलं. दोन मिनिटांत म्हणाले, "गिरणीची खडखड आहे, बंद कर." त्याच संध्याकाळी त्यांच्यासाठी ५० मिनिटं लेहरा धरला. तेव्हा उलट बोललो नाही. परदेशी थेर म्हणावं, तर ग्लासनं पॅरिसमध्ये रविशंकरांचं संगीत नोटेशनमध्ये उतरवलंय, आणि यांच्यातलाच टेरी रायली तर हिंदुस्तानी गायक पं. प्राणनाथांचा शिष्य.

सुरुवात राइशच्या 'क्लॅपिंग म्युझिक'नं (१९७२) करा, दोघांनी नुसत्या टाळ्यांवर वाजवायची रचना. १२ मात्रा: ३ टाळ्या, मग २, मग १, मग २, प्रत्येक गटानंतर एक मात्रा रिकामी. एकजण तसाच वाजवतो, दुसरा ठरलेली आवर्तनं झाली की एकेक मात्रा सरकतो, १२ वेळा सरकला की दोघं पुन्हा एकत्र. घरात कुणाला तरी समोर बसवून करा. नुसतं ऐकून नाही कळायचं.

आणि हो, ग्लासचं सगळंच चांगलं असं नाही, काही नुसतंच लांबलंय. मोबाईलच्या स्पीकरवर तर काहीच ऐकू नका.

सर, तुमच्यापर्यंत हे पोचलंच तर एकदा बसू. या वेळी लेहरा तुम्ही धरा.