गिटारचे वेगवेगळे भाग कोणते आणि त्यांचं काम काय?

खुंट्या, फ्रेट, ब्रिज ही नावं तुम्हाला चित्रासकट कुठेही मिळतील. मी नटबद्दल, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीबद्दल लिहितो, कारण त्या जेमतेम पावणेदोन इंची पट्टीपायी माझी दोन वर्षं फुकट गेली.

आम्ही परळला चाळीत राहायचो. दहावीच्या सुट्टीत मामाने गिटार आणली आणि क्लास लावला. सी, जी, ए मायनर हे कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) कसेबसे यायचे. एफ आला की संपलं. पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी पहिलीपाशी) दाबायच्या, आणि माझ्या निम्म्या तारा मुक्या. ज्या वाजायच्या त्या बेसूर. सर सगळ्यांसमोर म्हणायचे, "बोटात जोर नाही, कानही नाही, रियाज वाढव." बाबांचंही तेच. बोटांना घट्टे पडले, शेवटी गिटार कपाटावर गेली.

चार वर्षांनी एक खुंटी तुटली म्हणून दादरला गिटार-हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे नेली. त्यांनी तारा छेडून पाहिल्या, पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावला आणि म्हणाले, "आता धर तोच एफ, एक घर वर." सहाही तारा स्वच्छ वाजल्या! मी दुकानातच रडलो.

तार कंप पावते ती नट आणि सॅडल (फळीवरच्या ब्रिजमधली, तारा टेकतात ती पट्टी) यांच्या मधल्या भागात. नटच्या खाचा उथळ राहिल्या की तार तिथे उंच राहते आणि सगळ्यात जास्त जोर पहिल्या फ्रेटवरच लागतो. शिवाय इतकी खाली दाबताना तार ताणली जाते आणि सूर चढतो. म्हणजे कानही माझा ठीक होता. कॅपो लावल्यावर नटचा संबंधच उरत नाही. काकांनी बारीक कानशीने खाचा खोल केल्या, अर्ध्या तासाचं काम.

तपासायचं असेल तर तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या वर बघा. कागद जाईल एवढीच फट हवी.

बाकीचं थोडक्यात. सॅडल तारेचं कंपन ब्रिजमार्फत वरच्या फळीला देतं, आवाज मुख्यतः त्या फळीचा. स्टीलच्या सहा तारांचा एकूण ताण सत्तर किलोच्या आसपास असतो, तो मानेला वाकवू बघतो, म्हणून मानेत ट्रस रॉड, म्हणजे धातूची सळई, असते. नायलॉनच्या तारांच्या गिटारमध्ये बहुधा नसते. मुंबईच्या पावसाळ्यात फळी फुगते आणि बाराव्या फ्रेटपाशी तारा उंचावतात. तो दोष नटचा नाही, तिथे कानस लावू नका. नटच्या खाचाही घरी घासू नका, जास्त खोल गेल्या तर मोकळी तार झणझणते आणि नट बदलावा लागतो.

आणि क्लासवाल्यांनो, मुलाला एफ येत नसेल तर आधी त्याची गिटार हातात घ्या, कॅपो लावा, मग रियाजाचं बोला. कॅपो लावूनही येत नसेल, तर रियाज कमी पडतोय हे मान्य. माझं तसं नव्हतं.