बामियानचे बुद्ध पुन्हा उभे करावेत का?

प्रश्न : आमच्या शाळेची सहल खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात नेली होती. सोंडा तुटलेले हत्ती बघून मुलं म्हणाली, नव्या सोंडा का बसवत नाहीत? त्यावरून अफगाणिस्तानातल्या बामियानच्या बुद्धमूर्तींचा विषय निघाला. त्या परत उभ्या करता येतील का? — एक शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, मुलांनी विचारलं ते रास्तच आहे. माझं आयुष्य दगड घडवण्यात गेलं, म्हणून आधी हत्तींचं सांगतो. सोंड घडवणं अवघड नाही. पण मूळची कशी वळली होती, तिने काही धरलं होतं का, हे ठाऊक नसताना बसवली तर ती माझी सोंड होईल, त्या कारागिराची नव्हे. भेगेत पाणी मुरत असेल तर भेग बुजवावी आणि तिथेच हात आवरावा.

बामियानचं काम याहून फार कठीण. तिथला डोंगर आपल्या काळ्या पाषाणासारखा नाही. वाळू-गोटे एकत्र आवळून बनलेला, ठिसूळ. सहाव्या-सातव्या शतकात त्यात दोन बुद्ध कोरले, एक सुमारे 55 मीटर उंच, दुसरा 38. असल्या दगडात चीवराची, म्हणजे भिक्षूच्या वस्त्राची, बारीक चुणी निघत नाही. मग कारागिरांनी धड डोंगरात काढलं आणि नजाकत मातीत केली. मोठ्या मूर्तीच्या अंगात भोकं पाडून लाकडी खुंट्या ठोकल्या, त्यांना दोर बांधले, आणि दोरावर काड मिसळलेल्या मातीचा गिलावा चढवून एकेक चुणी उठवली. वर रंग. एवढ्या उंचीवर, परांचीवर बसून हे करणाऱ्यांना मी मनोमन हात जोडतो.

मार्च 2001 मध्ये तालिबानने आधी तोफा डागल्या. तेवढ्याने भागेना, तेव्हा सुरुंग लावले. तिथल्या हजारा जमातीच्या लोकांना जबरदस्तीने दोरावरून कड्यावर सोडून स्फोटकं भरायला लावलं. यात गिलावा गेला, म्हणजे कारागिराचा हातच गेला. दगडाचे ढलपे उरले. काही ढलपे मूर्तीत कुठे होते हे अभ्यासकांनी दगडाच्या थरांवरून ताडलं आहे. तरी ते जोडायचे तर मधली सगळी पोकळी नव्या मालाने भरावी लागेल, आणि बघणाऱ्याला दिसेल तो बहुतेक नवाच माल. लहान बुद्धाच्या पायांच्या जागी काँक्रीट-विटांचे खांब उभे राहू लागले होते. युनेस्कोने ते काम थांबवायला लावलं. बरं केलं.

खऱ्या गरजेचं काम वेगळं होतं. स्फोटांनी लहान बुद्धाच्या कोनाड्याचा माथा कोसळायच्या बेतात आला होता. डोंगरात खोल पोलादी सळया रोवून आणि फटींत पातळ मिश्रण भरून तो धरून ठेवला. आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याची माणसंही 1969 पासून काही वर्षं तिथे मूर्तींच्या डागडुजीला होती, हे मुलांना जरूर सांगा.

2015 साली एका चिनी जोडप्याने मोठ्या कोनाड्यात प्रकाशाने बुद्ध उभा केला. मला ते पटलं, कारण दगडाला धक्का लागला नाही.

माझा कौल असा : मोठा कोनाडा रिकामाच राहू द्यावा. पैसा आधी कड्यावर आणि आजूबाजूच्या गुहांतल्या भित्तिचित्रांवर घालावा. त्यातली काही तैलरंगांतली आहेत, सातव्या शतकाच्या आसपासची. लहान मूर्तीचे तुकडे बसवायचे की नाही, हे बामियानच्या लोकांना विचारून ठरवावं. तोवर ते ढलपे नंबर टाकून, बर्फ-पावसापासून आडोशाला नीट ठेवावेत.