नव्या गोल्फ क्लब व्यवस्थापकास
ब्रिटनमधील एखाद्या गोल्फ क्लबचे व्यवस्थापकपद आपण नुकतेच स्वीकारले असेल, तर १९३३ मध्ये सचिवांची संघटना म्हणून सुरू झालेल्या गोल्फ क्लब मॅनेजर्स असोसिएशनचे सदस्यत्व पहिल्याच वर्षी घ्यावे, आणि वर्गणी क्लबने भरावी असे शक्यतो नेमणुकीच्या करारातच लिहून घ्यावे. माझ्या मते संघटनेचा खरा उपयोग परिषदांपेक्षा प्रादेशिक गटांत होतो. कारण मैदानातील पाण्याचा निचरा, बारचा परवाना किंवा दरवर्षी बदलणारा कप्तान, म्हणजे क्लबचा मानद प्रमुख (हा विषय बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत नसतो, चहाच्या वेळी निघतो) यांबाबत शेजारच्या व्यवस्थापकाचा अनुभव छापील मार्गदर्शिकेपेक्षा लवकर कामी येतो. मात्र त्याने विश्वासाने सांगितलेले वेतनाचे आकडे आपल्या समितीपुढे मांडण्यापूर्वी त्याची परवानगी अवश्य घ्यावी.