फ्रीजरपासून सुरुवात कर

प्रिय मुली,

तुझं पत्र पोचलं. क्लोनिंगच शिकायचं, असं तू ठरवून टाकलं आहेस. जरूर शीक. पण त्याआधी नमुने गोळा करून जपायला शीक.

अमेरिकेतले काळ्या पायांचे फेरेट (मुंगसासारखे दिसणारे छोटे शिकारी प्राणी) आज जेवढे आहेत, ते जवळजवळ सगळे अवघ्या 7 प्राण्यांचे वंशज. विला नावाच्या मादीचा वंश त्यांच्यात नव्हता. 1988मध्ये तिच्या पेशी सॅन डिएगोच्या ‘फ्रोझन झू’मध्ये, म्हणजे प्राण्यांच्या पेशी गोठवून जपणाऱ्या संग्रहात, ठेवल्या गेल्या, तेव्हा क्लोनिंगने झालेली डॉली मेंढी जन्मायला 8 वर्षं होती! पुढे काय होणार हे ठाऊक नसताना त्या पेशी कुणीतरी वर्षानुवर्षं सांभाळल्या. त्यांतूनच डिसेंबर 2020मध्ये विलाची क्लोन, एलिझाबेथ ॲन जन्मली. तिला पिल्लं होऊ शकली नाहीत. पण त्याच पेशींपासून जन्मलेल्या अँटोनियाला 2024मध्ये झाली. खुंटलेला वंश पुन्हा चालू झाला. या सगळ्यात मला सर्वांत मोठी वाटतात ती 1988मधली माणसं.

आपल्या माळढोकाचंही तसंच. ऑक्टोबर 2024मध्ये जैसलमेर जिल्ह्यात कृत्रिम रेतनातून त्याचं पहिलं पिल्लू जन्मलं. त्यासाठी तिथल्या रामदेवरा प्रजनन केंद्रातल्या नराला नकली मादीची सवय लावण्यात कितीतरी महिने गेले, मग त्याचं वीर्य सुदासरीच्या केंद्रातल्या मादीपर्यंत न्यायचं. इतक्या बुजऱ्या पक्ष्याशी घाई चालत नाही. मादी बहुधा एका वेळी एकच अंडं घालते, म्हणून कोणत्या नराशी कोणती मादी जुळवायची हे नातं तपासूनच ठरवावं लागतं. तुझं जनुकशास्त्र खरं इथे लागेल.

आणि पिल्लू मोठं झाल्यावर सोडायचं कुठे? माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, शरीर जड, विजेच्या तारा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. माळरानाला आपण पडीक म्हणतो आणि देऊन टाकतो. याचा मला फार राग येतो. सोलापूरच्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य आहे, पण आता तिथे तो दिसणं दुर्मीळच.

तेव्हा पीएच.डी.चा अर्ज भरण्याआधी एखाद्या प्रजनन केंद्रात पक्षी सांभाळणाऱ्यांच्या हाताखाली काम कर. अंडी उबवणं, पिल्लांना भरवणं, विष्ठेचे आणि गळालेल्या पिसांचे नमुने घेणं, प्रत्येकावर तारीख-जागा लिहिणं, सगळं. नमुना कोणताही असो, वनखात्याच्या परवानगीशिवाय कधीही घेऊ नकोस, रक्त किंवा ऊतींचा तर नाहीच. केंद्र ठरलं की कळव. शिफारसपत्र मी लगेच पाठवते.

तुझी,
मावशी